फॉलिकच्या गोळीची कुळकथा

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात आशाताईंच्या पिशवीत लाल गोळ्यांची पाकिटं सापडतात. बायका तिला रक्तवाढीची गोळी म्हणतात आणि तिच्याबद्दलच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: मळमळतं, तोंडाची चव जाते, शौचाला काळं होतं. हा सगळा प्रताप लोहाचा. गोळीत ते ६० मिलिग्रॅम असतं. त्याच्याशेजारी जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड निमूट बसलेलं असतं. त्याची कुळकथा परळमध्ये सुरू होते, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

१९२८ साली लुसी विल्स ही चाळिशीतली इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चालायचं. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं फुगलेल्या. कित्येकींचा त्यात जीव जायचा. रोगजंतू शोधून सापडत नव्हता. विल्स बायकांच्या ताटाकडे वळली. कुणाच्या घरी काय शिजतं, दूध-फळं-भाजी किती, याची चौकशी केल्यावर दिसलं, की ज्यांचं जेवण सर्वांत निकृष्ट त्यांनाच हा आजार जास्त. तिनं ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वं देऊन पाहिली. गुण आला नाही. मग प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि माकडांना तसंच अपुरं अन्न देऊन तिनं त्यांच्यात पंडुरोग घडवला. त्यातल्या एका माकडाला मार्माइट चाटवलं आणि ते झपाट्यानं सुधारलं.

मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज तो पावाला लावून खातात. तोच तिनं आजारी बायकांना दिला आणि त्या उठून बसल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधलं नेमकं द्रव्य कोणतं, हे तिला सांगता येत नव्हतं. म्हणून कित्येक वर्षं त्याला नुसतं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. रोगाचं मूळ औषधाच्या कपाटाआधी ताटात शोधणारी ही बाई आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

पुढची पिढी अमेरिकेतली. १९४१ मध्ये टेक्ससच्या संशोधकांनी चार टन पालक आटवून त्यातून हे द्रव्य चिमूटभर काढलं आणि पानावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव दिलं. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या चमूचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आता गोळी स्वस्तात करता येणार होती. १९७० मध्ये सरकारनं पंडुरोग रोखण्याची राष्ट्रीय योजना काढली आणि लोहाशी फॉलिकची गाठ पक्की बांधली गेली.

इथपर्यंत ही गोळी मुख्यतः दिवस गेल्यावरची होती. तिचं दुसरं काम उमगायला १९९१ उजाडावं लागलं. आधीचं मूल मज्जानलिकेच्या व्यंगाचं, म्हणजे मणका उघडा राहिलेलं किंवा कवटी अपुरी राहिलेलं, झालेल्या बायकांवर ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेनं सात देशांत चाचणी घेतली. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक घेतलेल्यांमध्ये ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. कळीचा शब्द ‘आधीपासून’. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पुष्कळ बायकांची पाळीही जेमतेम चुकलेली असते.

आपले सगळे लाड त्यानंतरचे आहेत. डोहाळे, सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण, बाळंतिणीचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. मूल होऊ द्यायचं ठरवलेल्या बाईच्या ताटात मात्र कुणी डोकावत नाही. दवाखान्यातली नावनोंदणीही पाळी चुकल्यावरच. कळंब-वाशीकडची एखादी नवी सून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या कोयत्यावर गेली आणि तिकडेच दिवस राहिले, तर गोळी गावात आणि ती फडात.

२०१८ च्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेत गर्भधारणेच्या तयारीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक घ्यावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. गरोदर नसलेल्या बायकांना आठवड्याला एक मिळणारी लाल गोळी त्याची जागा घेत नाही. आपल्याकडे हरभरा पिकतो, त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, घोळाणाही होतो; फॉलेट त्यात भरपूर. पण पाला हंगामापुरता, आणि शिजवताना त्यातलं बरंच जातं. म्हणून भाजी हवीच, तरी गोळी सुटत नाही.

या कुळाला एक पुणेरी फाटाही आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या केईएम रुग्णालयातल्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. ज्या आयांमध्ये फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत पुढं इन्सुलिन नीट काम न करण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणजे बी-१२ कमी पडणाऱ्या शाकाहारी घरात एकटं फॉलिक गिळून भागत नाही. बी-१२ तपासून घ्यावं. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र गर्भधारणेच्या आसपासच्या काळात टाळाव्यात, गर्भाला अपाय होतो. मेडिकलमधल्या पावडरच्या रंगीत डब्यांबद्दल माझं मत सरळ आहे: त्या पैशांत दूध, अंडी, डाळ आणि शेंगदाणे आणा.

आशाताईंच्या नोंदवहीत पात्र जोडप्यांची यादी असते, नवं लग्न झालं की नाव चढतं. फॉलिकची आठवण त्याच दिवशी व्हायला हवी. घरात पाळणा हलवायचा विचार असेल, तर निदान एक महिना आधी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मागा. आधीचं मूल मणक्याच्या व्यंगाचं झालं असेल, तर मात्रा जवळपास दहापट लागते. ती डॉक्टरांनाच ठरवू द्या.