‘गस्टी’ आणि ‘सोसाट्याचा’: एका विशेषणाचा प्रवास

हवामान खात्याच्या इंग्रजी इशाऱ्यात ‘गस्टी विंड्स’ असं येतं. मराठीत त्याचं ‘सोसाट्याचा वारा’ होतं, आणि पुढं आकडा असतो: ताशी 30 ते 40 किलोमीटर. आपल्या जालन्याचा मोसंबीवाला शेतकरी हे मोबाइलवर वाचतो. त्याला यातून नेमकं काय कळतं, हा आजचा प्रश्न.

‘गस्ट’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला असं मानतात. मूळ धातूचा अर्थ उसळणं. म्हणजे हे विशेषण वारा किती जोराचा, एवढंच सांगत नाही. तो कसा येतो ते सांगतं. थांबून थांबून, एकदम उसळी घेत. ‘सोसाट्या’त जोर आहे, आवाज आहे, हे थांबणं-उसळणं नाही.

आपल्या माणसाला हा फरक ठाऊक नव्हता असं नाही. खळ्यावर ज्वारी उपणताना सलग वारं लागतं. मधेच झोत आला, की भुसाबरोबर दाणेही जातात. वारं पडलं, की काम थांबतं. ‘वारं सुटलं’, ‘पडलं’, ‘फिरलं’. बघा, आपण विशेषणापेक्षा क्रियापदानं बोलतो.

वैशेषिकांच्या मते वायूला रूप नाही, स्पर्श आहे. दिसत नाही, तेव्हा तो काय करतो यावरूनच त्याला ओळखायचं. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टनं 1805 साली वाऱ्याला अंक दिले, आणि पुढं ते जहाजाच्या शिडांशी जोडले. जमिनीसाठी धूर, पानं, फांद्या या खुणा 1906 मध्ये जॉर्ज सिम्पसननं बसवल्या. हाच माणूस त्याच वर्षी सिमल्याला, भारतीय हवामान खात्यात आला! त्याच्या पट्टीवर पाचव्या अंकाला, म्हणजे ताशी 29 ते 38 किलोमीटरला, पानांनी भरलेली लहान झाडं डुलू लागतात.

पण हा अंक सरासरी वाऱ्याचा. झोत क्षणाचा असतो, आणि तो सरासरीच्या वर जातो. मोसंबीच्या देठाला हिसका बसतो तो या झोताचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: इशाऱ्यात ‘झोतानं येणारा वारा’ असं म्हणावं, आणि आकड्याशेजारी तो काय करील तेही लिहावं. फांद्यांना टेकू द्यायचा का, शेडनेट आवळायचं का, उपणणी उद्यावर ढकलायची का, हे ऐकणाऱ्याला तासाभरात ठरवायचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.