आकृती : अर्थ आणि प्रयोजन (मंदिरवास्तूच्या संदर्भात)

चित्र आणि आकृती हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. वस्तू कशी दिसते ते चित्र दाखविते. ती कशी रचलेली आहे ते आकृती समजावून सांगते. मंदिराच्या चित्रात ऊन-सावली, दीपमाळ, प्रांगणातील भाविक असे सर्व काही येते. आकृतीत यांतील बहुतेक गोष्टी हेतुपुरस्सर वगळल्या जातात आणि भिंती, द्वारे, स्तंभ, अंतरे व दिशा एवढेच ठेवले जाते. आकृतीचे सामर्थ्य या वगळण्यातच आहे.

तीन मुख्य आकृती

मंदिरवास्तू समजून घेण्यासाठी प्रामुख्याने तीन आकृतींचा उपयोग होतो.

१. तलविन्यास : वास्तूची जमिनीवरील मांडणी. मुखमंडप, सभामंडप, अंतराळ व गाभारा यांचा क्रम, तसेच गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणामार्ग आहे की नाही, हे यावरून कळते.

२. ऊर्ध्वविन्यास : बाहेरून दिसणारी उंचीची मांडणी. यात पीठ, भिंत, शिखर, आमलक व कलश यांचे परस्परप्रमाण स्पष्ट होते.

३. छेद : वास्तू उभी चिरली आहे अशी कल्पना करून दाखविलेली आतील रचना. भिंत किती जाड आहे आणि उंच शिखराखाली गाभाऱ्याचे छत प्रत्यक्षात कोठे आहे, हे उभ्या वास्तूत एका दृष्टीत कोणासही दिसत नाही. छेद मात्र ते दाखवितो.

भोजपूरचे उदाहरण

मध्य प्रदेशात भोपाळजवळ, बेतवा नदीच्या काठी भोजपूर येथे भोजेश्वर हे शिवमंदिर आहे. ते ११व्या शतकातील असून परमार राजा भोज याने त्याची उभारणी आरंभिली असे मानले जाते. मंदिर अपूर्णच राहिले. गाभाऱ्यातील भव्य शिवलिंग आणि उंच स्तंभ आज पाहावयास मिळतात. नियोजित मंडप व शिखर मात्र पूर्णत्वास गेले नाहीत.

तथापि मंदिराभोवतालच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेल्या रेखाकृती शिल्लक आहेत. त्यांत तलविन्यास आहेत, तसेच स्तंभ व शिखर यांचे भागही आहेत. दगड घडविणारा, तो वाहून आणणारा आणि जागी बसविणारा यांच्या मनात एकच कल्पना असावी, हा अशा आकृतींचा हेतू. बांधकाम थांबले, पिढ्या सरल्या. तरीही मूळ योजना किती विस्तृत होती याची कल्पना अभ्यासकांना या रेषांवरून करता येते. जे बांधले गेले नाही, तेही आकृतीने जपले.

जीर्णोद्धार आणि आकृती

आमच्या मते प्रत्येक देवस्थानाने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जीर्णोद्धारात एकदा भिंत उतरविली की तिचे माप पुन्हा घेता येत नाही. छायाचित्रे अवश्य असावीत. परंतु त्यांवरून भिंतीची जाडी वा छताची आतील रचना कळत नाही. म्हणून पहिला दगड हलविण्यापूर्वी वरील तिन्ही आकृती प्रत्यक्ष मोजमापानिशी तयार करून घेणे आवश्यक आहे.

अशा प्रत्येक आकृतीवर उत्तर दिशा, प्रमाण, मापाचे एकक, दिनांक आणि मोजणी करणाऱ्याचे नाव असावे. प्रत्यक्ष मोजलेला भाग अखंड रेषेने व केवळ अनुमानाने काढलेला भाग तुटक रेषेने दाखवावा. हा भेद पाळला नाही, तर आजचे अनुमान उद्याच्या पिढीस प्रमाण वाटू लागते आणि त्यावरूनच पुढील बांधकाम होते.

देवालय हे पूर्वजांनी आपल्या स्वाधीन केलेली ठेव होय. तिची यथार्थ आकृती दप्तरी जतन करून ठेवणे हाही सेवेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.