मायाळूची कांडी

परवा भजी तळताना लेक म्हणाली, "आई, हा वेल कुठल्या नर्सरीतून आणलास गं?" नर्सरीतून! हसूच आलं मला.

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. परसात आजीने लावलेला मायाळू होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात परसात कितीतरी दिवस पाणी साचून राहिलं आणि वेल बुडापासून कुजला. भांडीकुंडी परत घेता आली, पण हा वेल कुठून आणायचा?

बेळगावच्या आत्याला फोन केला. "अगो, १९७१ च्या दिवाळसणाला आईनंच कांडी दिली की मला. तुमचाच वेल हाय, येऊन घेऊन जा." गेले. विहिरीच्या कठड्यावर नुसता पसरला होता. शेजारच्या कानडी मावशी म्हणाल्या, "बसळे नेताय होय?"

तो शब्द डोक्यात राहिला. कारण मायाळूचं शास्त्रीय नाव आहे बसेला!

गंमत म्हणजे हे नाव युरोपात घडलेलं नाहीच. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ तयार करवून घेतला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यात आपला हा वेल तिथल्या बोलीतल्या नावाने आहे. लिनीअसने १७५३ साली तेच नाव उचललं. म्हणजे मावशींचं बसळे आणि लिनीअसचं बसेला एकाच घरचे. लिनीअसने पांढरा आणि तांबडा असे दोन वेगळे मानले होते, आता दोन्ही एकच जात धरतात. आमची आजी पहिल्यापासून दोन्ही एकाच कढईत घालायची!

पण मी खरी अडकले ती पहिल्या खंडातल्या एका पानावर. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी जाणकारांनीही या कामात मदत केली. त्या तिघांची १६७५ ची साक्ष तिथे कोकणीत, नागरी लिपीत छापली आहे. त्यांचा समाज गोव्याहून परागंदा होऊन कोचीला गेलेला. घरदार सोडून गेलेली माणसं झाडपाल्याची ओळख मात्र बरोबर घेऊन गेली, हे वाचून मला उगाचच आत्या आठवली.

असो. मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या जेमतेम आठवडाभर आधी, चार कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आणल्या. दोन-तीन पेरांची कांडी, निम्मी मातीत. दोन जगल्या. वैशाखात पालक फुलावर येऊन संपतो, तेव्हा हा मात्र गजावरून वर चढत जातो. शेंडे खुडत राहावे लागतात, एवढंच. नाहीतर फुलं येतात आणि पानं बारीक होतात. पण एक फांदी मी मुद्दाम सोडते. तिच्या जांभळ्या फळांच्या रसाने लेकीने वहीभर चित्रं काढली आहेत.

आत्या मे २०२१ मध्ये गेली. तिच्या विहिरीच्या जागी आता अपार्टमेंटचं पार्किंग आहे. गेल्या आठवड्यात तिच्या सुनेचा फोन आला, बाल्कनीत लावायला कांडी मिळेल का म्हणून. म्हटलं, थंडीत रुसतो गं तो, गुढीपाडव्याला ये.