पेठ वडगांव येथील एक जीप व तिच्या इंजिनाचा कालनिर्णय

पेठ वडगांव म्हटलें कीं इतिहासाभ्यासकांस सेनापति धनाजी जाधव यांची आठवण होते. इ. स. १७०८ मध्यें त्यांचा अंत येथेंच झाला व त्यांची समाधिही येथेंच आहे. या गांवीं जुने कागद पाहण्यास गेलों असतां एका गृहस्थांनीं आपली जुनी जीप आम्हांस दाखविली. ती दुसऱ्या महायुद्धांतील आहे अशी त्यांच्या घरांत समजूत. परंतु घेऊं पाहणाऱ्या एका संग्राहकानें ती बनावट ठरविली, व इंजिन भंगारांत घालून त्या जागीं जुनें बसवावें असा सल्ला दिला. या वादाचा निकाल लावण्याकरितां हें टिपण.

पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर विलिस कंपनीच्या या इंजिनाचे मुख्य पाठ तीन. पहिला १९४१ ते १९४५ च्या लष्करी जीपमधील. सिलिंडर चार, आकारमान सुमारें २.२ लिटर, शक्ति ६० अश्वशक्ति. सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकांतच बाजूस असल्यामुळें वरचें हेड म्हणजे केवळ सपाट झांकण. त्यावर चार प्लग ओळीनें उभे दिसतात. कॅमशाफ्ट साखळीनें फिरतो.

दुसरा पाठ युद्धोत्तर नागरी जीपमधील. बाह्य रूप जवळजवळ तेंच. परंतु नागरी जीप निघूं लागल्यावर लौकरच साखळी जाऊन दांतेरी चाकें आलीं. पुढचें झांकण काढल्यावांचून हा भेद कळत नाहीं. साखळीनें जोडलेले दोन दांडे एकाच दिशेस फिरतात, चाकांनीं जोडलेले परस्परविरुद्ध. म्हणून ऑइल पंपही निराळा करावा लागला. एकाचा पंप दुसऱ्यास चालत नाहीं.

तिसरा पाठ १९५० पासूनचा. यांत हवा-पेट्रोल आंत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्यें नेले, धूर सोडणारे ब्लॉकांतच राहिले. त्यामुळें हेडवर लांबट पत्र्याचें झांकण व बाजूस हेडलाच जोडलेला कार्ब्युरेटर दिसतो. शक्ति ७० च्या वर गेली व इंजिनाची उंचीही वाढली. म्हणूनच १९५३ च्या सीजे-३बी जीपचें बॉनेट उंच झालें. मुंबईस १९४९ पासून विलिस जीपची जुळणी करणाऱ्या महिंद्र कंपनीनें याच घडणीच्या जीप पुढें दीर्घकाळ बनविल्या.

ब्लॉकवरील क्रमांक हा शिक्क्यासारखा पुरावा होय. युद्धकाळीं विलिसच्या क्रमांकापूर्वीं 'एमबी' व फोर्डच्या क्रमांकापूर्वीं 'जीपीडब्ल्यू' हीं अक्षरें असत. परंतु लष्करी कारखान्यांत इंजिनें एका गाडींतून दुसरींत जात. यास्तव शिक्का खरा असला तरी तो त्या इंजिनापुरताच प्रमाण. गाडीचा काळ त्यावरून ठरत नाहीं.

वडगांवच्या गाडींत क्रमांकाची जागा घासून गेली आहे. तेव्हां अंतर्गत पुराव्याकडे वळावें लागलें. पुढच्या जाळींत नऊ फटी आहेत. नागरी जीपला सात असतात. चासीचा पुढील आडवा दांडा गोल नळीचा आहे. फोर्डच्या चासीवर तो उलट्या पन्हळीसारखा असतो. यावरून सांगाडा विलिसचा, युद्धकालीन ठरतो. इंजिन मात्र निःसंशय तिसऱ्या पाठाचें. तें आंत मावावें म्हणून बॉनेट कापून त्यास मध्यें उंचवटा जोडलेला आहे, व त्या जोडावरील वेल्डिंग हातकामाचें आहे.

तात्पर्य, घरची समजूत सांगाड्यापुरती खरी व संग्राहकाची शंका इंजिनापुरती खरी; 'बनावट' हा शब्द मात्र अयोग्य. झिजलेलें यंत्र बदलून गाडी चालती ठेवण्याकरितां ही दुरुस्ती झाली असावी असें आम्हांस वाटतें. जुन्या पोथीचीं गहाळ पानें मागाहून दुसऱ्या हातानें लिहून घातलेलीं आपण नित्य पाहतों. तीं फाडून कोणी पोथी शुद्ध करीत नाहीं. हस्ताक्षरभेद नोंदवून तीं जागच्या जागीं ठेवतों. संग्राहकांनींही सांगाडा, ब्लॉक, हेड व क्रमांक यांचा काळ निरनिराळा लिहून ठेवावा. त्या गृहस्थांस आम्हीं इंजिन व कापलेलें बॉनेट दोन्हीही आहेत तशींच ठेवण्यास सांगितलें आहे.