परांड्याची तोफ, सोरा आणि विहिरीचे पाणी

(१) विजापूरच्या बुरुजावरील ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ आपण छायाचित्रांत पाहिलेलीच असते. निजामशाहीत १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ पुढे भूमशेजारच्या परांडा किल्ल्यावर होती; १६३२ साली आदिलशाहीने ती विजापूरला नेली. आजचा धागा मात्र तिच्या पोटातल्या दारूविषयी आहे.

(२) त्या दारूत सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. गोठ्यांची व जुन्या वस्त्यांची माती खरवडायची, पाण्यात कालवायची, ते पाणी आटवायचे, की सोऱ्याचे स्फटिक उरत. बिहारातील नोनिया समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. डच व इंग्रज कंपन्या पाटण्याचा सोरा जहाजे भरभरून युरोपला नेत. शेणमूत्रातील नत्राचे मातीतले जिवाणू नायट्रेट करतात आणि ते पाण्यात चटकन विरघळते. सोरा काढणाऱ्यांना वरदान ठरलेला हा गुणच विहिरीच्या मुळावर येतो.

(३) ते ध्यानात यायला १९४५ साल उजाडले. अमेरिकेतील आयोवा येथे हंटर कॉम्ली या डॉक्टरांपुढे निळसर पडलेली तान्ही बाळे आली. त्यांचे बाटलीचे दूध शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले होते. अशा विहिरी बहुधा उथळ आणि गोठ्यालगतच्या. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळांना धोका सर्वाधिक. अंगावर पिणारे मूल बहुतांशी सुरक्षित.

(४) आता भूम. बालाघाटाचा काळा पाषाण, त्याच्या भेगांतून झिरपणारे पाणी, आणि खव्यासाठी नावाजलेला, म्हणजेच दुभत्या जनावरांचा मुलूख. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला असला, की पहिल्या पावसात काय होते ते वेगळे सांगायला नको. (माझ्या आजोळी तो तिथेच होता.) त्यात आता युरियाची भर.

(५) भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेटमुळे पाणी गढूळ होत नाही, त्याला वासही येत नाही. तुरटीने ते जात नाही. उकळल्याने तर वाढतेच, कारण पाणी आटते आणि नायट्रेट मागे राहते. सोरा करणारे कढईपाशी नेमके हेच करीत होते! घरात बाटलीवरचे बाळ असेल, तर विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल येईपर्यंत बाळाचे दूध त्या पाण्यात कालवू नये.