मदतकार्यातील उड्डाणे आणि उड्डाण अभियंता : एक दुर्लक्षित नोंद

भारतीय वायुसेनेच्या इतिहासलेखनात वैमानिकाला मध्यवर्ती स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु मदतकार्यातील उड्डाणांचा विचार करताना ही चौकट अपुरी पडते. ४ जून १९८७ रोजी पाच एएन-३२ विमानांनी जाफना परिसरात सुमारे २५ टन मदतसामग्री टाकली. या घटनेच्या राजनैतिक परिणामांची भरपूर चर्चा झाली. विमानातील कर्मचाऱ्यांची मात्र क्वचितच झाली.

वैमानिकांच्या जोडीला बसणारा उड्डाण अभियंता इंजिनांचे तापमान, तेलाचा दाब, इंधन आणि भार यांवर लक्ष ठेवतो. डोंगराळ भागात या कामाचे महत्त्व वाढते. हवा विरळ झाली की इंजिनाची शक्ती व पंख्यांची उचल दोन्ही घटतात. मग किती पोती चढवायची आणि परतीसाठी किती इंधन ठेवायचे, हा हिशेब जीवनमरणाचा ठरतो. केदारनाथची उंची सुमारे ३,५८० मीटर आहे. जून २०१३ च्या महापुरानंतर 'ऑपरेशन राहत'मध्ये एमआय-१७ हेलिकॉप्टरे तेथे पुनःपुन्हा उतरली. २५ जून रोजी मृतांच्या अंत्यसंस्कारासाठी लाकूड पोहोचवून परतणारे एमआय-१७ व्ही-५ गौरीकुंडाजवळ कोसळले. त्यातील वीसही जण मृत्युमुखी पडले. विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो, फ्लाइट लेफ्टनंट के. प्रवीण, फ्लाइट लेफ्टनंट तपन कपूर, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर ए. के. सिंग आणि सार्जंट सुधाकर यादव हे पाच वायुसेनेचे होते. नावे अशी हुद्द्याच्या उतरंडीने छापली जातात. त्यात कोणाचे हेलिकॉप्टरमधील काम काय होते, हे वाचकाला कळत नाही. १९६० मध्ये सुरू झालेले वायुसेना पदक सर्व हुद्द्यांसाठी खुले आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

याच मोहिमेत इंधन घेऊन धरासूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलेल्या सी-१३०जे विमानात उड्डाण अभियंत्याची जागाच नव्हती. त्याचे बरेचसे काम संगणक करतो. म्हणजे जुनी व नवी व्यवस्था एकाच आपत्तीत शेजारी-शेजारी काम करीत होती.

बोरीसारख्या गावातून वायुसेनेत जाणारा तरुण बहुधा अधिकारी म्हणून नव्हे, वायुसैनिक म्हणून भरती होतो. जिंतूर तालुक्यातील निवृत्त वायुसैनिकांच्या मुलाखती महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज घेता येतील. प्रश्नावलीत पदकाआधी पोत्यांच्या वजनाचा आणि उरलेल्या इंधनाचा प्रश्न असावा.