कमळतळ्याची हजेरी

जयनगरच्या पूर्वेला, बीटीएम लेआउटच्या अंगाला तावरेकेरे नावाचा भाग आहे. कन्नडमध्ये 'तावरे' म्हणजे कमळ आणि 'केरे' म्हणजे तळे. आज तिथे बसगाड्या आणि दुकानांची गर्दी. पण ज्याने हे नाव ठेवले, त्याने एका शब्दात त्या पाण्याचे सर्वेक्षण करून ठेवले आहे. कमळ उथळ, संथ पाण्यात येते, तळाला गाळ लागतो आणि डोक्यावर ऊन. म्हणजे तळे कसे होते ते कळले. शेजारच्या भैरसंद्रातला 'संद्र' हा 'समुद्र' या शब्दाचाच अपभ्रंश मानतात. बंगळुरात मोठी नदी नाही, म्हणून तळे हाच इथला समुद्र.

केंपेगौडांच्या काळापासून ही तळी साखळीने बांधली गेली. वरचे भरले की सांडवा खालच्यात. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले आणि बंगळूर त्यांची जहागीर झाली, तेव्हा या मुलखातली भातशेती याच पाण्यावर चालायची. आपण किल्ला पाहायला जातो, तळ्याकडे पाहत नाही. फौजेचा दाणागोटा मात्र तळ्याखालच्या वावरातून येतो. उन्हाळ्यात शेतकरी गाळ शेतात नेत, काठचे गवत गुरांना कापत. तळ्यातली झाडोरा आटोक्यात ठेवायला वेगळे खाते लागत नव्हते.

वनस्पतींची लेखी नोंद आली ती फौजेच्या मागोमाग. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि कंपनीला नवा मुलूख मोजायचा होता. इंजिनियर अधिकारी कॉलिन मॅकेन्झी याच्या म्हैसूर सर्वेक्षणात बेंजामिन हाइन हा डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १८०० मध्ये फ्रान्सिस बुकानन वेलस्लीच्या हुकमाने फिरला, तोही डॉक्टरच. त्याच वर्षी लॅम्बटनने बंगळुरात आपली पायारेषा मोजली. कंपनीचा प्रश्न साधा होता: काय पिकते, काय विकते? दलदलीतल्या लव्हाळ्याला अशा यादीत मान कुठून मिळणार? जयनगरला लागून असलेला हैदर अलीचा लालबाग मात्र या मंडळींना आवडला. बागेतल्या झाडाला पाटी मिळते, तळ्यातल्या झाडाला नाही. हा पंक्तिप्रपंच अजून संपलेला नाही.

बंगळूर जिल्ह्याची पद्धतशीर वनस्पतिसूची रामस्वामी आणि रझी यांनी केली. ती १९७३ मध्ये म्हैसूर विद्यापीठातून निघाली. जयनगर तोवर पंचवीस वर्षांचे झाले होते.

दलदलीचे सर्वेक्षण करायचे कसे? काठापासून पाण्यात सरळ दोरी ताणायची आणि ठरावीक अंतरावर एक मीटरची चौकट टाकून आत काय उगवले ते मोजायचे. रेंजवर काम केलेल्याला हे शिकवावे लागत नाही. काठाला लव्हाळा आणि नाळीची भाजी, मग पाणकणीस, त्यापुढे तळाला मुळे आणि वर पाने ठेवणारी कमळ-कुमुदे, आणि पाण्याखाली हायड्रिला. या रांगा जागेवर असतील तर तळे ठीक. रांगा मोडून सगळीकडे जलपर्णीच दिसली तर वरून सांडपाणी येते आहे असे समजावे. ही दक्षिण अमेरिकेची बाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या शोभेसाठी भारतात आली. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. ती कुजून तळाला बसते, तळे उथळ होते, त्यावर गवत येते, गवतावर भराव, आणि भरावावर प्लॉट.

जानेवारी २०१८ मध्ये बेळंदूर तळ्यातले वाळलेले गवत पेटले, तेव्हा ते विझवायला जवानांना उतरावे लागले. तळ्याला आग लागली हे गावी सांगितले तर लोक हसतात.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. तळी वाचवण्यासाठी लक्ष्मण राव समिती १९८५ मध्येच नेमली होती. मला जास्त काळजी वाटते ती सुधारणेची. जेसीबी लावून तळे वाडग्यासारखे खोल खणतात, काठ उभा बांधतात, भोवती फिरायला फरसबंदी. पाणी दिसते छान, पण उथळ काठच नाही तर पाणकणसाने उभे राहायचे कुठे? आणि गाळाबरोबर बी जाते. चीनच्या लिआओनिंग प्रांतात कोरड्या पडलेल्या तळ्यातून निघालेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे कमळाचे बी १९९० च्या दशकात प्रयोगशाळेत रुजले. ट्रकभर गाळ शहराबाहेर टाकताना त्यात काय चालले आहे हे कुणी पाहत नाही.

निदान यंत्र उतरवण्याआधी दोन मोजण्या व्हाव्यात, एक पावसाळा सरल्यावर आणि एक एप्रिलमध्ये. एप्रिलची जास्त महत्त्वाची, कारण तेव्हा पाणी मागे सरते आणि ओल्या चिखलात कुठली रोपे वर येतात ते उघड्या डोळ्यांनी मोजता येते.